वकिलातीची जाळी आणि शाळेचं छप्पर

'ऊर्जा वाचवणारी इमारत' किंवा 'हरित इमारत' हे शब्द आता वर्तमानपत्रात, जाहिरातीत आणि शाळेच्या निबंधातही वारंवार भेटतात. निबंधासोबत मुलं चित्र काढतात. छपरावर सौर पॅनेल, कोपऱ्यात पवनचक्की, भिंतीवर वेल आणि पुढे कारंजं. चित्र सुबक असतं, पण त्यात दोन गोष्टी हमखास नसतात. एक म्हणजे उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि दुसरी म्हणजे विजेचं बिल.

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. इमारतीची समीक्षाही करता येते. त्यासाठी फार मोठी साधनं लागत नाहीत. होकायंत्र, तापमापी, फूटपट्टी आणि नववी-दहावीचं गणित एवढं पुरतं. या लेखात आपण दोन नामवंत इमारतींची अशी समीक्षा करू या. पहिली दिल्लीतली अमेरिकेची वकिलात. दुसरी आपल्या जवळची, पुण्यात हडपसरला असलेलं सुझलॉन कंपनीचं 'वन अर्थ' हे संकुल. आणि या दोन्हींना आपण जी कसोटी लावणार आहोत ती पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीची, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या उन्हाची, वाऱ्याची आणि तिथल्या एखाद्या साध्या वर्गखोलीची.

वकिलातच का? वकिलात म्हणजे एका देशानं दुसऱ्या देशाच्या हवेत बांधलेलं संकुल. कचेरी, निवासस्थान, पहारेकऱ्यांच्या चौक्या, बाग, जनित्र असं सगळं एका आवारात असतं. तिथे पैसा कमी पडत नाही आणि जाणकार वास्तुरचनाकारही मिळतो. त्यामुळे अशा इमारतीत काही चुकलं, तर ते गरिबीमुळे चुकलं असं म्हणता येत नाही. विचारातच काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि ते शोधणं शिकण्याजोगं असतं.

शांतिपथावरची जाळी

नवी दिल्लीच्या चाणक्यपुरीत शांतिपथावर असलेली अमेरिकन वकिलात एडवर्ड ड्युरेल स्टोन या अमेरिकन वास्तुरचनाकारानं १९५४ साली योजली. १९५६ मध्ये पायाभरणी झाली आणि जानेवारी १९५९ मध्ये ती उघडली. एका ओट्यावर उभी असलेली लांबट, चौकोनी, पांढरी इमारत. भोवती सडपातळ सोनेरी खांब, खांबांवर बाहेर झेपावलेलं सपाट छप्पर. छपराखाली नक्षीदार ठोकळ्यांची जाळी, जाळीच्या आत काचेची भिंत. मध्ये चौक, चौकात पाण्याचा तलाव आणि वर ऊन अडवणारं जाळीदार आच्छादन.

त्या काळात हे धाडस होतं. युरोप-अमेरिकेत तेव्हा काचेच्या पेट्यांची लाट होती. तीच पेटी दिल्लीत आणून ठेवली असती तर मे महिन्यात आतल्या माणसांची भाजी झाली असती. स्टोननं निदान एवढं ओळखलं, की दिल्लीचं ऊन काचेपर्यंत पोचूच देता कामा नये. हा विचार पक्का शास्त्रीय आहे, आणि तो मुलांना समजावून देण्यासारखा आहे.

उन्हातली बहुतेक ऊर्जा दृश्य प्रकाश आणि त्याला लागून असलेली अवरक्त किरणं यांच्या रूपात येते. साधी काच या दोन्हींना आत सोडते. आत शिरल्यावर हे किरण जमिनीवर, टेबलांवर पडतात आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तू जी किरणं सोडतात त्यांची तरंगलांबी बरीच मोठी असते, आणि ती काचेतून बाहेर पडत नाहीत. म्हणून खिडकीला आतून पडदा लावला तर ऊन डोळ्यांवर येत नाही, पण उष्णता खोलीतच राहते. तापतो तो पडदा. हाच पडदा काचेच्या बाहेर असता तर त्याची उष्णता वाऱ्यानं बाहेरच्या बाहेर नेली असती. छज्जा, चिक, जाळी, दारापुढचं झाड ही सगळी 'बाहेरचा पडदा' या एकाच तत्त्वाची रूपं आहेत.

वातानुकूलित इमारतीत याचा हिशेब थेट विजेत मांडता येतो. यंत्र चांगलं असेल तर तीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकायला सुमारे एक किलोवॅट वीज लागते. म्हणजे बाहेरच अडवलेलं तीन किलोवॅट ऊन हे एक किलोवॅट वाचवण्यासारखंच आहे, तेही रोज आणि कोणतंही बटण न दाबता. इथवर स्टोनला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

चारी बाजूंना एकच जाळी?

आता होकायंत्र काढू या. स्टोनची जाळी इमारतीच्या चारी बाजूंना सारखीच फिरते. सूर्य मात्र चारी बाजूंशी सारखा वागत नाही.

हिशेब सणसवाडीचाच करू या, म्हणजे मुलांना तो आपला वाटेल. सणसवाडीचा अक्षांश सुमारे १८.७ अंश उत्तर. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास, माध्यान्हीला सूर्य दक्षिण क्षितिजापासून ७१.३ अंश उंचीवर असतो. दक्षिणेच्या भिंतीत १.२ मीटर उंचीची खिडकी आहे असं समजा. तिच्या लगेच वर छज्जा काढला आणि पूर्ण खिडकी सावलीत हवी असेल, तर छज्जाची रुंदी १.२ भागिले ७१.३ अंशाचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. हा एवढासा छज्जा तिथून पुढे संपूर्ण उन्हाळाभर दुपारचं दक्षिणेचं ऊन अडवतो. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य ४७.९ अंशांवर उतरतो. तेव्हा हाच छज्जा वरच्या साधारण ४४ सेंटिमीटर भागावर सावली पाडतो आणि उरलेल्या भागातून थंडीचं हवंसं ऊन आत येऊ देतो. एक आडवी फळी, आणि ती ऋतू ओळखते!

हीच खिडकी पश्चिमेला नेऊ या. विषुवदिनी सौरवेळेनुसार चार वाजता सूर्य जवळजवळ समोर आणि फक्त २८ अंश उंचीवर असतो. आता तेवढीच खिडकी झाकायला दोन मीटरहून रुंद छज्जा लागेल. म्हणजे पश्चिमेला छज्जा हा उपाय नव्हेच. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, झाड हवं, नाहीतर खिडकीच नको. उत्तरेला मात्र वर्षातला बराच काळ दुपारी थेट ऊन येतच नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की हातभर छज्जाही पुरतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तेवढं येतं. उत्तरेची खिडकी म्हणजे उष्णतेशिवाय उजेड, आणि तो फुकट.

दिल्ली आपल्यापेक्षा सुमारे दहा अंश उत्तरेला आहे. आकडे बदलतील, पण निष्कर्ष बदलणार नाही, उलट दक्षिण आणि उत्तर यांच्यातला फरक तिथे जास्तच ठळक होतो. मग उत्तरेच्या भिंतीवर जाळी कशासाठी? तिथे ती ऊन फारसं अडवत नाही, उजेड मात्र नक्की अडवते. अडलेल्या उजेडाची भरपाई दिव्यांनी करावी लागते. दिव्याची वीज शेवटी उष्णतेतच बदलते आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते.

पश्चिमेला तरी जाळी पुरेशी आहे का? भोकांची खोली आणि रुंदी सारखी असलेली एक जाळी घ्या. ४५ अंशांपेक्षा उंच असलेल्या सूर्याचं थेट ऊन तिच्यातून मुळीच पार होणार नाही. पण सणसवाडीचा चार वाजताचा सूर्य २८ अंशांवर आहे. हिशेब केला तर भोकांवर पडलेल्या उन्हापैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त ऊन आत जातं. जाळीचं निम्मं क्षेत्र भोकांचं असेल, तर भिंतीवरच्या एकूण थेट उन्हापैकी सुमारे पाचवा हिस्सा आत पोचतो. हे वाईट नाही, पण उत्तरेला जी जाळी जास्त दाट ठरते तीच पश्चिमेला विरळ ठरते.

याच्या उलट उदाहरण मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांचं. करवतीच्या दात्यांसारखी त्यांची छपरं अनेकांनी पाहिली असतील. त्या दात्यांची काचेची बाजू उत्तरेकडे आणि उतरती बंद बाजू दक्षिणेकडे ठेवत. मागांवर दिवसभर सारखा उजेड पडे आणि ऊन आत येत नसे. गिरणीच्या शेडला कुणी सौंदर्याचं पारितोषिक दिलं नाही, पण दिशा तिला वकिलातीपेक्षा जास्त कळत होत्या.

स्टोनच्या मनात जाळीचं स्थान काय होतं, याचं उत्तर त्याच्याच पुढच्या कामात मिळतं. १९५६ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या दर्शनी भागावरही अशीच जाळी चढवली. न्यूयॉर्क ४०.७ अंश अक्षांशावर आहे आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. दिल्लीच्या उन्हासाठी शोधलेला उपाय न्यूयॉर्कच्या थंडीतही चालतो, तेव्हा तो उपाय राहिलेला नसतो, सही झालेली असते.

जाळीमागची काच

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. औरंगाबादचा (आताच्या छत्रपती संभाजीनगरचा) बीबी का मकबरा किंवा अहमदाबादची सिदी सय्यद मशीद आठवा. तिथल्या दगडी जाळ्यांच्या मागे काच नाही. जाळी एकाच वेळी चार कामं करते. ऊन तोडते, उजेड गाळून घेते, वारा आत येऊ देते आणि माणसाला किंवा जनावराला आत येऊ देत नाही. चौथं काम आपण सहसा विसरतो. जाळी ही अशी खिडकी आहे, जी कुलूप लावलेल्या इमारतीतही उघडी राहते.

दिल्लीत जाळीच्या मागे काच आली आणि आत वातानुकूलन आलं. चारातली दोन कामं, वाऱ्याचं आणि उघडं राहण्याचं, त्याच क्षणी संपली. उरली फक्त उन्हाची चाळणी.

रात्रीचा वारा का महत्त्वाचा, तेही पाहू या. जाड भिंत दिवसा उष्णता पिते आणि काही तासांनी ती आतल्या बाजूला सोडते. दीड फूट दगड-मातीच्या भिंतीत हा उशीर साधारण दहा-बारा तासांचा असतो. दुपारचं ऊन मध्यरात्री आत पोचतं. कचेरी किंवा शाळा तर संध्याकाळी रिकामी होते, म्हणजे हा उशीर आपल्या सोयीचाच. अट एकच. रात्री थंड हवा आतून फिरली पाहिजे, म्हणजे भिंत रिकामी होऊन सकाळी पुन्हा उष्णता प्यायला तयार होईल. पुणे परिसरात एप्रिलमध्ये दुपारचं तापमान सरासरी ३८ अंशांपर्यंत जातं आणि पहाटे ते २०-२१ अंशांपर्यंत उतरतं. सतरा-अठरा अंशांचा हा फरक म्हणजे आपल्याला फुकट मिळणारं शीतगृह आहे. रात्री खिडक्या बंद ठेवल्या की ते वाया जातं.

चौकातल्या तलावाचीही परीक्षा घेऊ. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, हे माठावरून सर्वांना माहीत आहे. पण हवा किती थंड होऊ शकेल याची एक सीमा असते आणि ती ओल्या फडक्याचा तापमापी दाखवतो. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ही सीमा सुमारे २३ अंश, म्हणजे १७ अंशांची सोय. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर सीमा सुमारे ३० अंश, म्हणजे जेमतेम चार अंशांची. पहिली स्थिती दिल्लीच्या कोरड्या मे महिन्यातली, दुसरी तिथल्या जुलै-ऑगस्टमधली. तलाव शोभेला बारा महिने असतो, थंडाव्याला मात्र काही महिनेच उपयोगी पडतो. सणसवाडीतही मार्च ते मे तो काम करील, पण त्याच महिन्यांत गावात पाण्याला किंमत असते. तिथे तलावापेक्षा चार कडुनिंब जास्त शहाणपणाचे.

भिंत उंच झाली, खिडकी बंद झाली

वकिलातीच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. १९८३ मध्ये बैरूतमधल्या अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर १९८५ मध्ये सुरक्षेचे नवे नियम सुचवण्यात आले. इमारत रस्त्यापासून शंभर फूट आत असावी, भिंती आणि काचा स्फोट सोसणाऱ्या असाव्यात, असा त्यांचा रोख होता. १९९८ मध्ये नैरोबी आणि दारेसलाम इथे हल्ले झाल्यावर हे नियम अधिक कडक झाले. मुंबईतली अमेरिकन वाणिज्य वकिलातही २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या आवारात गेली.

अशा इमारतीत खिडकी उघडायची नसते, म्हणजे रात्रीचा वारा हा मार्ग बंद. मग ऊर्जेची बचत कुठे करायची? दोनच जागा उरतात. एक, ऊन आत येण्याआधी अडवणं. दोन, यंत्रं आणि दिवे कमी विजेत चालवणं. लंडनमध्ये २०१८ साली उघडलेली अमेरिकेची नवी वकिलात या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. किरन-टिंबरलेक या संस्थेनं ती रचली. तीही काचेचा ठोकळाच आहे, पण काचेच्या बाहेर पातळ प्लास्टिक पडद्याची शिडं उभारली आहेत, आणि ती पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या तीनच बाजूंना. उत्तर बाजू मोकळी आहे. दिल्लीत जे साठ वर्षांपूर्वी राहून गेलं ते इथे केलेलं दिसतं. एखाद्या देशाच्या वास्तुकलेनं होकायंत्र वापरायला शिकणं ही लहान सुधारणा नाही.

हडपसरच्या पवनचक्क्या

आता घराजवळ येऊ. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचं 'वन अर्थ' हे संकुल ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलं. बेनिंजर मूळ अमेरिकन, पण त्यांचं बहुतेक काम भारतात झालं. पुण्यात ते स्थायिक झाले आणि २०२४ मध्ये इथेच वारले. दहा एकरांच्या आसपासची जागा, सुमारे आठ लाख चौरस फूट बांधकाम. 'लीड' पद्धतीत प्लॅटिनम आणि 'ग्रिहा' या भारतीय पद्धतीत पाच तारे, असं दोन्हीकडचं वरचं मानांकन या संकुलाला मिळालं.

चांगलं आधी सांगू. इमारती बुटक्या आहेत, उंच मनोरा नाही. चौक आणि बागा यांच्याभोवती कचेऱ्यांची मांडणी असल्यामुळे बहुतेक टेबलांपर्यंत दिवसाचा उजेड पोचतो. काचेच्या बाहेर अॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांनी ऊन अडवलं आहे. पुण्याचा वाडा पाहिलेल्या माणसाला चौकाची ही कल्पना परकी वाटणार नाही. संकुलाचं खरं श्रेय या साध्या गोष्टींना द्यायला हवं.

पण बोलबाला कशाचा होतो? आवारातल्या छोट्या पवनचक्क्यांचा आणि सौर पॅनेलांचा. दोन्ही मिळून त्यांची क्षमता दीडशे किलोवॅटच्या आसपास. आपल्याकडे एक किलोवॅट सौर पॅनेल वर्षाला साधारण चौदाशे युनिट वीज देतं. उदार होऊन सगळेच दीडशे किलोवॅट या दरानं चालले असं मानू. वर्षाला दोन लाखांच्या थोडी वर युनिट होतात. आठ लाख चौरस फुटांत वाटली तर दर चौरस फुटामागे वर्षाला पाव युनिट, म्हणजे दर चौरस मीटरमागे तीन युनिटांहून कमी. वातानुकूलित कचेऱ्या आपल्या देशात दर चौरस मीटरला वर्षाकाठी साधारणपणे शंभर ते दोनशे युनिट वापरतात. एखाद्या उत्तम इमारतीनं याच्या निम्म्यात भागवलं, तरी आवारात बनलेली वीज गरजेचा लहानसा भागच भरून काढते. उरलेल्यासाठी दूरच्या पवनचक्क्यांची वीज मोजली जाते.

छोट्या पवनचक्कीची गोष्ट तर भौतिकशास्त्राच्या एका सूत्रात संपते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ताशी अठरा किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला पाच मीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ७५ वॅट असतात. वेग सेकंदाला तीन मीटर झाला की उरतात १६ वॅट, आणि त्यातले आपल्या हाती लागतात पाचेक. इमारतींच्या आडोशाला, जमिनीलगत, शहरात वारा बहुतेक वेळ असाच मंद असतो. तेवढ्याच जागेतलं सौर पॅनेल दिवस-रात्रीची सरासरी धरूनही याच्या कितीतरी पट वीज देतं. मोठी पवनचक्की डोंगराच्या पठारावर, उंच खांबावर उभी करतात ती याच सूत्रामुळे. आवारातली छोटी पवनचक्की ही कंपनीची पाटी आहे. पाटी लावायला हरकत नाही, पण तिला ऊर्जेची बचत म्हणू नये.

इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. इमारत किती ऊर्जा मागते, हा पहिला. ती ऊर्जा कुठून आणते, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर चांगलं असलं म्हणून पहिल्याचं उत्तर आपोआप चांगलं होत नाही. दिवसभर ऊन खाणारी काचेची इमारतही दूरच्या पवनचक्कीची वीज विकत घेऊ शकते. ती वीज दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडली असती, एवढंच आपण विसरतो.

मानांकनाबाबतही हेच. बहुतेक पद्धतींत बरेचसे गुण आराखडा बघून, म्हणजे इमारत नीट वापरात येण्याआधीच, दिले जातात. ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, जागा अशा अनेक गोष्टींची ती बेरीज असते. प्रगतिपुस्तकातल्या एकूण टक्केवारीवरून गणितात किती गुण पडले ते कळत नाही, तसंच हे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २००९ मध्ये कचेऱ्यांसाठी तारे देण्याची जी योजना सुरू केली, ती मला यामुळेच जास्त प्रामाणिक वाटते. तिथे आराखडा नव्हे, तर प्रत्यक्ष मीटर बघतात आणि दर चौरस मीटरचा वर्षाचा खप मोजतात. प्रत्येक हरित इमारतीनं आपल्या दारावर मानपत्राऐवजी गेल्या वर्षीचा हा एक आकडा लावावा. अर्धी समीक्षा तिथेच होईल.

सणसवाडीची खोली

सणसवाडीत उभं राहिलं की दोन प्रकारची बांधकामं जास्त दिसतात. कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि काँक्रीटच्या सपाट छपरांची घरं. शिरूरच्या या कोरड्या पट्ट्यात पूर्वी धाब्याची घरं असत. लाकडी तुळयांवर फूटभर मातीचा थर. दुपारची उष्णता तो रात्रीपर्यंत अडवून धरी. धाबं गळायचं, त्याचं वजन फार, दरवर्षी डागडुजी करावी लागे, म्हणून ते गेलं. त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. पण धाब्यानं जे काम केलं ते आता कोण करतं, हा प्रश्न मात्र उरतो.

सहा मीटर बाय आठ मीटरची एक वर्गखोली घ्या. छप्पर ४८ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या दुपारी दर चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं, म्हणजे एकूण ४३ किलोवॅट. काळपट पडलेलं काँक्रीट त्यातलं सुमारे ७० टक्के, म्हणजे ३० किलोवॅट शोषून घेतं. तेच छप्पर चुन्यानं पांढरं केलं तर शोषण ३० टक्क्यांवर, म्हणजे १३ किलोवॅटवर येतं. शोषलेलं सगळं आत येत नाही, बरंचसं वारा आणि प्रारण यांनी बाहेरच जातं. तरी फरक उरतोच, आणि तो हाताला कळतो. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ पासून वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करण्याचं काम उष्णतेविरुद्धच्या योजनेत घेतलं, ते याच कारणानं.

पत्र्याचं छप्पर याहून कठीण. रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा दुपारी ६० अंशांपर्यंत सहज तापतो. स्टीफन-बोल्ट्झमन नियमानं हिशेब केला, तर ६० अंशांचा असा पत्रा ३० अंशांच्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला निव्वळ २०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. शांत बसलेला माणूस स्वतः सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि ती त्याला टाकता आली पाहिजे. पंखा हवा हलवतो, पण पत्र्याचं हे प्रारण पंख्यानं अडत नाही. अशा खोलीत बसलेली मुलं दुपारी पेंगतात तेव्हा त्यांना आळशी म्हणण्याआधी छपराकडे एकदा बघावं.

उपाय वकिलातीच्या खर्चाचे नाहीत. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं आढं बसवलं आणि पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवली, तर तापलेला पत्रा मुलांना 'दिसत' नाही आणि पोकळीतली गरम हवा निघून जाते. ल कॉर्ब्यूझिएनं चंदीगडच्या उच्च न्यायालयावर कमानींचं दुसरं छप्पर छत्रीसारखं उभारलं, त्यामागचं तत्त्व हेच. नवी खोली बांधताना लांब भिंती उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवायच्या आणि पश्चिमेला खिडकी टाळायची. एवढ्या निर्णयाला एक पैसाही लागत नाही, फक्त नकाशावर बाण काढावा लागतो. एकच नकाशा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट बसवला, की एकीकडचा वर्ग चांगला आणि दुसरीकडचा भट्टी होतो.

आणि जाळी? तिला मी छपरालगत, उत्तर आणि दक्षिण भिंतींच्या वरच्या भागात बसवीन. काच न लावता, पक्षी येऊ नयेत म्हणून आतून बारीक तार मारून, आणि पाऊस येऊ नये म्हणून वर छज्जा काढून. शाळेला रात्री कुलूप लागतं, खिडक्या बंद होतात, ते बरोबरच आहे. तेव्हा वर साठलेली गरम हवा या झरोक्यांतून बाहेर पडेल आणि पहाटेचा गारवा भिंतींमध्ये मुरेल. सुरक्षा आणि वारा यांचं भांडण वकिलातीला सोडवता आलं नाही, ते साध्या सिमेंटच्या जाळीला सुटतं. स्टोननं जाळी निवडली हे चांगलंच केलं, पण तिचा हा सगळ्यात मोठा गुण त्यानं काचेनं झाकून टाकला.

यात एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात रात्र आणि दिवस यांच्या तापमानातला फरक आपल्याकडे कमी होतो आणि हवा दमट असते. तेव्हा जाड भिंत आणि रात्रीचा गारवा यांचा उपयोग थोडाच. त्या महिन्यांत समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा हेच खरे सोबती. कोणताही एक उपाय बारा महिने पुरत नाही, मग तो जाळी असो की तलाव.

वर्गात करण्यासाठी

खालील कामं आठवी ते बारावीची मुलं करू शकतील.

१. शाळेचा नकाशा काढून त्यावर उत्तरेचा बाण काढा. प्रत्येक वर्गाच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते लिहा.

२. एप्रिलमधल्या एका दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता प्रत्येक वर्गातलं तापमान डोक्याच्या उंचीवर आणि छपराजवळ मोजा. शाळेतला सगळ्यात गरम वर्ग कोणता आणि त्यात कोणती इयत्ता बसते?

३. छपराच्या एका भागावर दोन मीटर बाय दोन मीटर चुना लावा. दुपारी दोन वाजता चुन्याखालच्या आणि शेजारच्या स्लॅबचं तापमान आतून मोजून तुलना करा. छपरावर शिक्षकांनी स्वतः जावं, मुलांना नेऊ नये.

४. शाळेच्या वर्षभराच्या बिलांतली युनिट मिळवा आणि शाळेच्या क्षेत्रफळानं भागा. दर चौरस मीटरचा हा आकडा फलकावर लिहा. मग गावातली ग्रामपंचायत, बँक किंवा एखादा कारखाना आपला आकडा सांगायला तयार आहे का ते विचारा.

चौथ्या कामात बऱ्याच ठिकाणी नकार मिळेल. तो नकारही वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.